मुलासाठी पहिली शाळा निवडताना: खान्देशातील पालकांसाठी मार्गदर्शन

घरातील पहिले मूल तीन वर्षांचे होऊ लागले की शाळेचा विषय निघतो आणि बहुतेक घरांत तो लगेच "मराठी की इंग्रजी" किंवा "स्टेट बोर्ड की सीबीएसई" या प्रश्नांवर येऊन थांबतो. मंडळाची पहिली परीक्षा दहावीला असते. तीन ते आठ या वयातील मुलासाठी त्याहून कितीतरी आधी विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. शाळेत जायला किती वेळ लागतो, वर्गात बोलली जाणारी भाषा मुलाला कळते का, पहिल्या दोन वर्षांत त्याला कोण शिकवणार आहे आणि त्या व्यक्तीच्या हाताखाली किती मुले आहेत, हे ते प्रश्न होत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील पालकांना हे काम कोणत्या क्रमाने करता येईल, ते पुढे मांडले आहे.

वय आणि वर्ष आधी ठरवावे

महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत मुलाला सहा वर्षे पूर्ण व्हावी लागतात, तर नर्सरीसाठी त्याच तारखेपर्यंत तीन वर्षे. केंद्रीय विद्यालयात मात्र ३१ मार्च ही तारीख धरली जाते. भुसावळ परिसरात रेल्वेत किंवा आयुध निर्माणीत नोकरी करणाऱ्या पालकांचा या दोन तारखांमुळे नेहमी गोंधळ होतो. ऑक्टोबर २०२० मध्ये जन्मलेले मूल राज्याच्या शाळेत जून २०२६ मध्ये पहिलीत बसू शकते, परंतु केंद्रीय विद्यालयाच्या पहिलीसाठी त्याला २०२७ ची वाट पाहावी लागते.

नियमात बसते म्हणून पाठवलेच पाहिजे, असे नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जन्मलेले मूल जूनमध्ये जेमतेम साडेपाच वर्षांचे असते आणि त्याच्या शेजारी बसणारे मूल त्याच्यापेक्षा जवळजवळ एका वर्षाने मोठे असू शकते. या वयात एक वर्षाचा फरक फार मोठा असतो. मूल बोलण्यात मागे असेल, सतत आजारी पडत असेल किंवा आईला सोडून तासभरही राहत नसेल, तर अंगणवाडीत किंवा बालवाडीत आणखी एक वर्ष काढणे हिताचे ठरते. हे वर्ष वाया जात नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही तीन ते आठ ही पाच वर्षे, म्हणजे पूर्वप्राथमिकची तीन आणि पहिली-दुसरीची दोन, पायाभूत स्तर म्हणून एकत्र धरली आहेत.

चालत जाता येतील अशा शाळांची यादी करावी

कागद घेऊन घरापासून एक किलोमीटरच्या आतील सर्व शाळा आणि अंगणवाड्या लिहून काढाव्यात, मग तीन किलोमीटरपर्यंतच्या. शिक्षण हक्क कायद्याखालील नियमांत पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर हेच अंतर धरले आहे आणि लहान मुलाच्या पायांना तेच योग्य आहे. सुरत-नागपूर महामार्ग साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ अशा गावांवरून जातो. धुळे आणि शिरपूरकडून मुंबई-आग्रा रस्ता जातो. शाळा कितीही चांगली असली तरी सहा वर्षांच्या मुलाला असा रस्ता रोज ओलांडून जावे लागणार असेल, तर सोबत कोण जाणार हे आधी ठरवावे, नाहीतर त्या शाळेचा विचार सोडावा. बस असेल तर मूल सकाळी किती वाजता घरून निघेल आणि दुपारी किती वाजता परतेल, हे शाळेला न विचारता त्याच बसने जाणाऱ्या मुलाच्या आईला विचारावे. बसमध्ये महिला मदतनीस आहे का, हेही तिलाच विचारावे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे शासनाने २०२४ मध्ये सांगितले आहे. पण बस गावोगावी फिरत असेल तर मुलाची झोप तरीही मोडतेच.

यादीत अंगणवाडी सोडून देऊ नये. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्या अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना आहार, लसीकरण आणि आरोग्य तपासणी यांबरोबर पूर्वप्राथमिक शिक्षणही मिळायला हवे. त्याआधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे आदिवासी मुलांच्या अंगणात जाऊन बालशिक्षण दिले आणि मातीच्या खेळण्यांनी, पानाफुलांनी, गाण्यांनी लहान मूल किती शिकते हे महाराष्ट्राला दाखवले. अंगणवाडीचा दर्जा सर्वस्वी सेविकेवर अवलंबून असतो. सेविका गाणी म्हणते, गोष्ट सांगते, मुलांना रंग आणि माती हाताळू देते, असे दिसले तर फी भरून पाठवायच्या नर्सरीचा मोह बाजूला ठेवावा. दहा वाजता खिचडी वाटून मुले घरी जात असतील, तर मात्र दुसरा पर्याय शोधणे रास्त आहे.

खासगी शाळा यादीत असेल तर तिला मान्यता आहे का, ते पाहावे. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक, म्हणजे शासनाच्या नोंदीतील ओळख क्रमांक, असतो. महाराष्ट्रातील शाळांचा क्रमांक २७ ने सुरू होतो. मान्यतेशिवाय प्राथमिक शाळा चालवता येत नाही. बंगल्याच्या तळमजल्यावर चालणाऱ्या काही "इंटरनॅशनल" शाळांकडे फक्त नर्सरी ते सिनिअर केजीचे वर्ग असतात आणि पुढे पहिलीला पुन्हा नव्याने शाळा शोधावी लागते, हे पालकांच्या उशिरा लक्षात येते. म्हणून "पहिलीला मूल कोठे जाईल?" हा प्रश्न नर्सरीच्या दारातच विचारावा.

वर्गात बसून पाहावे

हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे आणि नेमके हेच बहुतेक पालक करत नाहीत. कार्यालयात माहितीपत्रक मिळते, मुख्याध्यापक इमारत दाखवतात, स्नेहसंमेलनाचे फोटो दाखवतात; वर्ग चालू असताना आत जाऊन बसण्याची विनंती मात्र पालकांनी स्वतः करावी लागते. दिवाळीनंतर, साधारण डिसेंबर-जानेवारीत, साध्या कामकाजाच्या दिवशी जावे. तोपर्यंत वर्गाची घडी बसलेली असते आणि परीक्षांची धावपळ नसते. अर्धा तास मागे शांत बसावे. बसू देण्यास शाळेने ठाम नकार दिला, तर त्याचे कारण विचारावे आणि ते पटले नाही तर ती शाळा यादीतून काढावी.

मुले बोलत आहेत का, हे आधी ऐकावे. सुरुवातीच्या वर्गात अर्धा तास संपूर्ण शांतता असेल, तर ती शिस्तीची खूण समजू नये. लहान मूल बोलता बोलताच शिकते. शिक्षिका प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थांबतात का, की सारा वर्ग एका सुरात तेच वाक्य म्हणतो, ते पाहावे. भिंतीवरची चित्रे आणि अक्षरे मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर आहेत का, गोष्टींची पुस्तके त्याच्या हाताला येतील अशी ठेवली आहेत की कुलूपबंद कपाटात आहेत, हेही पाहावे. तीन-चार वर्षांच्या मुलांकडून चार रेघी वहीत पानेच्या पाने गिरवून घेतली जात असतील, तर तेथे थांबून विचार करावा. त्या वयात बोटांचे स्नायू पेन्सिल नीट धरण्याइतके तयार झालेले नसतात. माती मळणे, मणी ओवणे, कागद फाडून चिकटवणे यांनी ते तयार होतात आणि पुढे अक्षर आपोआप वळणदार येते. पूर्वप्राथमिकला दप्तर नसावे आणि दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये, असे २०२० च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात म्हटले आहे. शाळा गृहपाठाचे ओझे ही आपली गुणवत्ता म्हणून सांगत असेल, तर तिचा भर कशावर आहे हे समजते.

एका शिक्षकामागे किती मुले आहेत ते पटावरून विचारावे. पहिली ते पाचवीसाठी कायद्याने तीस मुलांमागे एक शिक्षक धरला आहे आणि साठपर्यंतच्या पटाला किमान दोन. गावातील जिल्हा परिषद शाळेत दोन शिक्षक चार वर्ग सांभाळताना दिसतात आणि पालक तेवढ्यावरून ती शाळा नाकारतात. ही घाई आहे. वीस-पंचवीस मुलांच्या एकत्र वर्गात कुशल शिक्षक प्रत्येक मुलाला नावाने ओळखतात, मोठी मुले लहानांना वाचून दाखवतात आणि मूल आपल्या गतीने पुढे जाते. साठ मुलांच्या चकचकीत वर्गात लाजरे मूल कोणाच्या नजरेसही पडत नाही. इमारत आणि शिक्षक यांपैकी एकाचीच निवड करायची वेळ आली, तर निवड शिक्षकाची करावी.

दुसरी भेट मार्चअखेर, ऊन तापल्यावर द्यावी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. पत्र्याचे छत असलेल्या खोलीत अकरा वाजता उभे राहून पाहावे, पंखे चालतात का ते पाहावे, प्यायचे पाणी कोठून येते आणि ते लहान मुलाला स्वतः घेता येते का ते तपासावे. मग स्वच्छतागृहात जावे. तेथे पाणी आहे का, कडी मुलाच्या हाताला येते का आणि मुख्य म्हणजे शाळेच्या वेळेत ते उघडे असते का, हे प्रत्यक्ष पाहावे. स्वच्छतागृह वापरावे लागू नये म्हणून दिवसभर पाणी न पिणारी मुले असतात, त्यांत मुलींचे प्रमाण अधिक असते आणि घरी ही गोष्ट सहसा कळत नाही.

घरची भाषा आणि शाळेची भाषा

खान्देशात हा प्रश्न इतर भागांपेक्षा अवघड आहे. येथे मराठी किंवा इंग्रजी या दोहोंच्याही आधी मुलाची स्वतःची बोली असते. धुळे, अमळनेर, चाळीसगावकडे अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा गणबोली, सातपुड्यात भिली, पावरी, मावची. "माले घर जानं शे" म्हणणारे मूल वर्गात येते, तेव्हा प्रमाण मराठी हीच त्याच्यासाठी नवी भाषा असते आणि इंग्रजी माध्यमात तर त्याला दोन पायऱ्या एकदम चढाव्या लागतात.

वाचायला शिकण्याची क्रिया समजून घेतली म्हणजे याचे महत्त्व पटते. मूल अक्षरांचे आवाज जोडते, त्यातून शब्द तयार होतो आणि तो शब्द त्याने आधी कधी ऐकलेला असेल, तरच "हे मला कळले" असा आनंद त्याला होतो. शब्दच अनोळखी असेल तर अचूक वाचूनही हाती काही लागत नाही. शिवाय देवनागरीत अक्षर आणि आवाज यांचे नाते जवळजवळ पक्के असते. इंग्रजीत मात्र 'सी' हे एकच अक्षर 'कॅट'मध्ये क होते आणि 'सिटी'मध्ये स होते, त्यामुळे घरी इंग्रजी कानावर न पडणाऱ्या मुलाला तेथे पाठांतराचाच आधार उरतो. वाचनाची वाट एकदा कळत्या भाषेत सापडली की दुसऱ्या भाषेत ती लवकर सापडते. शिक्षण हक्क कायद्यातही शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे आणि २०२० चे धोरण किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरते. इंग्रजी यावी ही पालकांची इच्छा अगदी योग्य आहे. ती चांगली शिकवणारी मराठी शाळा ही इच्छा बहुतेक वेळा पूर्ण करू शकते. घरी किंवा शेजारी कोणीही इंग्रजी बोलत नाही अशा मुलाला नर्सरीपासून इंग्रजी माध्यमात घालणे मी तरी सुचवणार नाही.

म्हणून वर्गात बसलेले असताना एक गोष्ट नीट टिपावी. डोळ्याचे चित्र पाहून मूल "डोया" म्हणाले, तर शिक्षिका काय करतात? "बरोबर, डोया. पुस्तकात आपण डोळा असे लिहितो," असे म्हणणाऱ्या शिक्षिकेच्या वर्गात मूल उद्याही तोंड उघडेल. वर्ग हसला आणि शिक्षिकाही हसल्या, तर ते मूल कित्येक दिवस गप्प बसेल. नंदुरबारच्या पाड्यांवर तर शिक्षकाला किंवा सेविकेला मुलांची बोली येते का, हा पहिलाच प्रश्न असावा. येत नसेल, तर ती येणारे कोणी, मदतनीस किंवा पाड्यातील तरुण मुलगी, पहिल्या काही महिन्यांत वर्गात असते का, असे विचारावे. बोलीला हिणवले जात नाही, एवढे पाहिले तरी निम्मे काम होते. बहिणाबाईंच्या मुलखात तरी कोणत्याही मुलाला आपल्या बोलीची लाज वाटता कामा नये.

खर्च, देणगी आणि पंचवीस टक्के जागा

फीचा आकडा तोंडी ऐकून घेऊ नये. प्रवेश शुल्क, सत्र शुल्क, बस, पुस्तके, गणवेश, स्नेहसंमेलन आणि सहल हे सर्व लेखी मागावे आणि चौथीपर्यंतचा हिशेब करावा. शेतकरी कुटुंबाने हप्त्यांचे महिनेही विचारावेत. जूनमध्ये बियाणे आणि खते यांतच हातातले पैसे संपतात आणि कापसाचे पैसे दिवाळीच्या आसपास किंवा नंतर येतात. अनेक शाळा विचारल्यास हप्ता पुढे ढकलतात, पण न विचारणाऱ्यांना ही सोय कोणी सांगत नाही.

शिक्षण हक्क कायद्यानुसार प्रवेशासाठी देणगी घेणे आणि मुलाची किंवा पालकांची मुलाखत अथवा परीक्षा घेणे, या दोन्ही गोष्टींना मनाई आहे. देणगी घेतल्यास तिच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो. जन्मदाखला नाही या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवरही बंदी आहे, हे मुलाच्या आजी-आजोबांनाही सांगून ठेवावे, कारण "मारल्याशिवाय शिकत नाही" हा समज घरातूनच शाळेत जातो.

याच कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांच्या प्रवेशस्तरावरील २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखीव आहेत. २०२४ मध्ये राज्याने सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आतील खासगी शाळांना यातून वगळले होते, परंतु मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल त्याच वर्षी रद्द केला. अर्ज ऑनलाइन भरावा लागतो आणि निवड सोडतीने होते. दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला लागतो. अनुसूचित जाती-जमातींसारख्या वंचित घटकांसाठी जातीचा दाखला पुरतो, उत्पन्नाची अट नसते. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना नोंदणीकृत भाडेकरार लागतो. हे दाखले मिळण्यास वेळ लागतो, म्हणून दिवाळीनंतर लगेच अर्ज करावेत. जाहिरात निघाल्यावर धावपळ करणाऱ्यांची मुदत बहुधा हुकते. सोडतीत नाव लागले तरी शाळेत जाऊन वर्ग पाहण्याचे काम चुकवू नये. गणवेश, सहल आणि बस यांचा खर्च कोण करणार, हेही आधी विचारावे.

ज्या मुलांना अधिक आधार हवा आहे

मूल उशिरा बोलत असेल, हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, पुस्तक डोळ्यांजवळ धरत असेल किंवा सतत एकटे राहत असेल, तर शाळा निवडण्याआधी त्याची तपासणी करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात, तो दिवस सेविकेकडून कळू शकतो. निदान झाले तर ते शाळेपासून लपवू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार भेदभाव न करता प्रवेश देणे शाळांना बंधनकारक आहे. सर्वांबरोबरच्या नेहमीच्या शाळेचा विचार आधी करावा आणि तेथे विशेष शिक्षक आठवड्यातून किती वेळा येतात ते विचारावे.

सातपुड्याच्या पट्ट्यातील पालकांसाठी आणखी एक सूचना आहे. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्या आदिवासी कुटुंबांत आढळतो. शाळेत घालण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात मुलाची रक्ततपासणी करून घ्यावी. आजार असलेल्या मुलाच्या शरीरात पाणी कमी पडले किंवा त्याने उन्हात फार श्रम केले, तर तीव्र वेदना सुरू होऊ शकतात. म्हणून त्याला वर्गात केव्हाही पाणी पिऊ द्यावे आणि कवायतीत ताण देऊ नये, हे शिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगावे.

स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांनी

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या पालकांपुढे निवड फार थोडी असते. सहा वर्षांच्या मुलाला आश्रमशाळेच्या वसतिगृहात ठेवणे हा माझ्या मते शेवटचा पर्याय असावा, कारण या वयात रात्री जवळचे माणूस लागते. आजी-आजोबा गावी असतील तर मूल त्यांच्याकडे ठेवून गावच्या शाळेत हंगामी वसतिगृहाची किंवा जेवणाची सोय होते का, ते मुख्याध्यापकांना दसऱ्याआधीच विचारावे. मूल सोबत न्यायचेच असेल तर शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घ्यावे. त्यावरून दुसऱ्या गावच्या शाळेला मूल कोणत्या टप्प्यावर आहे ते कळते. वर्षाच्या मध्येही प्रवेश नाकारता येत नाही. वसतिगृहाशिवाय इलाजच नसेल, तर जेथे मोठे भावंड किंवा पाड्यातील ओळखीची मुले आहेत अशी आश्रमशाळा घ्यावी. लहान मुलांच्या खोलीत रात्री कोण झोपते, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे.

निर्णय आणि पहिले दोन महिने

गुढीपाडव्याच्या सुमारास जिल्हा परिषद शाळांची पटनोंदणी सुरू होते आणि "पहिले पाऊल" या शाळापूर्व तयारीच्या उपक्रमातील मेळावे भरतात. त्यांना मुलाला घेऊन जावे. मेळाव्यात मुलाची कोणती तयारी झाली आहे आणि घरी काय करून घ्यायचे, हे आईला दाखवून दिले जाते. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, निर्णय पक्का करावा, म्हणजे सुट्टीत मुलाला त्या वाटेने चालवता येते आणि आपला डबा उघडणे, हात धुणे, "मला बाथरूमला जायचे आहे" हे न घाबरता सांगणे त्याच्याकडून करून घेता येते. अक्षरओळख घाईने करून घेण्यापेक्षा ही तयारी त्याला अधिक उपयोगी पडते.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पहिले दोन-तीन आठवडे मूल रडले तर घाबरून जाऊ नये. दुपारी परत आल्यावर ते जेवते, खेळते आणि शाळेतले एखादे गाणे गुणगुणते, तर सर्व ठीक चालले आहे. ऑगस्ट उजाडला तरी मूल रोज सकाळी पोटदुखी सांगत असेल, झोपेत दचकत असेल, कोरडे राहणारे अंथरूण पुन्हा ओले करू लागले असेल, तर शिक्षकांना भेटावे आणि परवानगी घेऊन पुन्हा एकदा वर्गात बसावे. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असतात. तेथेही प्रश्न मांडता येतो. एवढे करूनही फरक पडला नाही, तर शाळा बदलण्यात कमीपणा मानू नये. सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्यासाठी दाखला मागितल्यास मुख्याध्यापकांनी तो तत्काळ द्यायचा असतो आणि दाखला मिळण्यास उशीर झाला, या कारणाने नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही.